बाळाचा ताप काखेत मोजा, आणि त्यात एक डिग्री मिळवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की आपल्या दैनिकात तापाच्या साथींच्या बातम्या रोज असतात. डेंगीचे रुग्ण किती वाढले, कुठे खाटा पुरत नाहीत, कुठे प्लेटलेट मिळत नाहीत, सगळं सविस्तर येतं. पण ज्या तापावरून ही धावपळ सुरू होते तो ताप दवाखान्यात मोजतात कसा, यावर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. मधली बहुतेक वर्षं बालरुग्ण कक्षात आणि नवजात अर्भकांच्या कक्षात गेली. म्हणून हे पत्र.

थर्मामीटर लावणं आपल्याकडे इतकं किरकोळ काम समजतात की ते कुणालाही सांगतात. नव्याने आलेल्या विद्यार्थिनीला, मावशींना, हल्ली तर स्वागतकक्षात बसलेल्या मुलीलासुद्धा. आणि त्याच आकड्यावरून डॉक्टर ठरवतात की बाळाचं रक्त तपासायचं का, सलाईन लावायचं का, की आईबरोबर घरी पाठवायचं. एवढा मोठा निर्णय ज्या आकड्यावर होतो तो आकडा पन्नास वर्षांपूर्वीच्या सवयीने घेतला जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात आधी त्या एका डिग्रीबद्दल. काखेत ताप घेतला तर त्यात एक डिग्री मिळवायची, हे आमच्या पिढीला नर्सिंगच्या शिक्षणात शिकवलेलं. कित्येक दवाखान्यांत आजही ते चालू आहे. एका पाळीच्या सिस्टर काखेत थर्मामीटर लावतात, ९९ येतो, त्या कागदावर १०० लिहितात. पुढच्या पाळीच्या सिस्टर काही मिळवत नाहीत, त्या ९९ च लिहितात. सकाळी राउंडला डॉक्टर कागद बघतात आणि आईला म्हणतात, चला, ताप उतरायला लागला. बाळाचा ताप रात्रभर होता तिथेच आहे. फरक फक्त लिहिणाऱ्या हातांत आहे, आणि कागदावर 'काखेत' असा शब्द कुणीच लिहिलेला नसल्यामुळे तो डॉक्टरांना कळायला मार्ग नाही.

शरीराच्या आतलं तापमान काखेतल्यापेक्षा जास्त असतं, हे खरं. ते नेमकं एका डिग्रीने जास्त असतं, हे खरं नाही. एखाद्या बाळात हा फरक जवळजवळ नसतोच, एखाद्यात फॅरनहाइटच्या दोन डिग्रींपर्यंत जातो. बाळाचं वय, खोलीतली हवा, हातपाय गार पडलेत की नाही, थर्मामीटरचं टोक कातडीला नीट भिडलंय की कपड्यात अडकलंय, यावर तो बदलतो. काखेतला आणि आतला आकडा यांत ठरलेलं नातं नसताना एक मिळवणं म्हणजे अंदाज लिहिणं. आणि गंमत म्हणून नव्हे, मुद्दा म्हणून सांगते: माणसाचं तापमान ३७ सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट हा जो आकडा जगभर पाठ झाला आहे, तो लाइपझिगच्या डॉक्टर वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून मांडला, आणि त्या नोंदी त्यांनी बहुतांशी काखेतच घेतल्या होत्या.

आता हे नवजात बाळाला कसं नडतं ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस असावं, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट. आपल्या आरोग्य केंद्रांत आयएमएनसीआयचं, म्हणजे नवजात बाळांच्या आणि लहान मुलांच्या आजारांच्या एकत्रित उपचारांचं, जे प्रशिक्षण दिलं जातं, त्यात दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी काखेतलाच आकडा धरलेला आहे. काखेत ९९.५ किंवा त्याहून जास्त, अथवा ९५.९ च्या खाली असेल तर गंभीर संसर्गाची शक्यता धरून बाळाला पुढे पाठवायचं. हे हिशेब काखेसाठीच बांधलेले असताना आपण वरून एक डिग्री चढवतो. ९८.८ असलेलं चांगलं दूध पिणारं बाळ कागदावर ९९.८ होतं. ते आजारी ठरतं, आईच्या कुशीतून उचलून आत नेलं जातं, इवल्या हातात सुई जाते. याहून वाईट गोष्ट दुसऱ्या टोकाला होते. बाळाच्या काखेत ९६.८ येतो. हे झाले ३६ सेल्सिअस. बाळ गार पडायला लागलंय, त्याला ताबडतोब आईच्या छातीशी घ्यायला हवं, दूध ओढतंय का बघायला हवं. पण एक मिळवली की ९७.८. कागदावर सगळं व्यवस्थित.

बाळ गार पडणं म्हणजे काय, हे नवजात कक्षात काम केलेल्या कुणालाही विचारा. मोठं मूल आजारी पडलं की तापतं. काही दिवसांचं बाळ, त्यातून कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं, संसर्ग झाला तरी तापेलच असं नाही, ते उलट गार पडतं. गार पडलेलं बाळ रडत नाही, दूध ओढत नाही, आणि शांत झोपलंय असं समजून घरचे त्याला तसंच निजू देतात. ऊब टिकवण्यासाठी त्याच्या अंगातली साखर आणि ऑक्सिजन खर्च होत असतो. ही अवस्था थर्मामीटरने वेळेत दाखवली तर त्यावरचा पहिला उपाय आईजवळच असतो. पण आपण थर्मामीटरला एकच प्रश्न विचारायला शिकलो आहोत: ताप आहे का?

आणि जे थर्मामीटर अजूनही अनेक ठिकाणी वापरात आहे, त्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही. मी पाऱ्याच्या थर्मामीटरबद्दल बोलते आहे. त्याची रचना फार थोड्या लोकांनी निरखून बघितली असेल. खालच्या पाऱ्याच्या फुग्याच्या जरा वर काचेची नळी एका जागी चिमटलेली असते. पारा तापला की जोर करून त्या चिमटीतून वर चढतो. थंड झाला की मात्र आपोआप खाली उतरत नाही, चिमटीपाशी धार तुटते आणि वरचा पारा आहे तिथेच थांबतो. म्हणून तर थर्मामीटर काखेतून काढून, उजेडात नेऊन, सावकाश फिरवत ती चंदेरी रेघ वाचता येते. आणि म्हणूनच पुढच्या वेळी ते झटकावं लागतं. थोडक्यात, ते साधन फक्त वर जायला शिकलेलं आहे.

समजा झटकताना पारा ९७ वर आला आणि सिस्टरनी ते तसंच एखाद्या बाळाला लावलं. बाळाचं खरं तापमान ९५ आहे. पारा खाली येणार नाही. तो ९७ वरच राहील. सिस्टर प्रामाणिकपणे ९७ वाचतील आणि प्रामाणिकपणे लिहितील. त्यात वर एक डिग्री मिळवली तर ९८. दोन डिग्री गार पडलेल्या बाळाची नोंद ठणठणीत बाळाची होते, आणि कुणी खोटं लिहिलेलं नसतं. झटकून पारा अगदी तळाला आणला तरी आपल्याकडच्या थर्मामीटरवर रेघा ९४ पासून सुरू होतात. ९४ म्हणजे सुमारे ३४.४ सेल्सिअस. बाळ ३६ सेल्सिअसच्या खाली गेलं की मध्यम गारठा, ३२ च्या खाली गेलं की तीव्र गारठा, असं वर्गीकरण आम्हाला शिकवतात. त्यातला निम्म्याहून जास्त भाग त्या काचेच्या नळीवर छापलेलाच नाही. साधा डिजिटल थर्मामीटर साधारण ३२ सेल्सिअसपर्यंत खाली मोजतो. तोही शेजारच्या औषधाच्या दुकानात मिळतो.

सकाळी सहाचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाची नोंद, ज्यांनी बघितली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ट्रेमध्ये सॅव्हलॉनच्या पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर उभे, शेजारी कापसाचे बोळे, आणि सगळा कक्ष. तीस-चाळीस मुलं, एक सिस्टर. प्रत्येकाच्या काखेत तीन-चार मिनिटं धरायचं तर राउंडच्या वेळेपर्यंत काम उरकत नाही. मग मिनिटभरात काढलं जातं. पारा पूर्ण चढलेला नसतो. ज्या मुलांनी हात गच्च धरलेला नसतो त्यांचा आकडा आणखी कमी. कुपोषित मुलाच्या काखेत तर खळगाच असतो, टोक हवेत लोंबतं. यात सिस्टरना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या हाती चुकीचं साधन आणि अपुरा वेळ देऊन वरून रकाने भरायला सांगितलं जातं.

पाऱ्याचा दुसरा धोका आता सगळ्या जगाने मान्य केला आहे. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने माशांतून माणसांच्या शरीरात शिरून काय केलं, हे १९५६ मध्ये उघडकीला आलं. आईच्या पोटातल्या बाळांनाही त्याने सोडलं नाही. त्या गावाच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१७ मध्ये तो लागू झाला, २०१८ मध्ये भारताने त्याला मंजुरी दिली. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबाची पाऱ्याची यंत्रं २०२० नंतर बनवायची नाहीत, आयात-निर्यात करायची नाहीत, असं त्यात ठरलं, मुदतवाढ मागायची सोयही होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००१ मध्येच पालकांनी घरातले पाऱ्याचे थर्मामीटर काढून टाकावेत असं सांगितलं होतं. त्याच वर्षी आपल्या देशात कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना बंद पडला. तो न्यूयॉर्क राज्यातून हलवून इथे आणला होता. पारा चिकटलेल्या फुटक्या काचा गावातल्या भंगारवाल्याकडे सापडल्या, तेव्हा लोक जागे झाले. तिथल्या कामगारांना पुढे कितीतरी वर्षं भांडावं लागलं.

एका थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. मुलं वळवळतात, थर्मामीटर फरशीवर पडतो, फुटतो. मग पाऱ्याचे मोती पलंगाखाली पळतात आणि मुलं ते तळहातावर घेऊन खेळतात, हे दृश्य प्रत्येक बालरुग्ण कक्षाने पाहिलेलं आहे. पारा पोटात गेला तर तो फारसा शोषला जात नाही. त्याची वाफ श्वासातून गेली तर शोषली जाते, आणि ती दिसत नाही, तिला वास नाही. रांगणारं मूल जमिनीलगत श्वास घेतं, त्याला ती जास्त मिळते. ज्यांच्या घरी अजून असा थर्मामीटर आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते: फुटला तर केरसुणी लावू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको, दोन्हींनी पारा आणखी बारीक होऊन पसरतो. मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, पंखा बंद करा, खिडक्या उघडा. हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि अंगठ्या आधी काढा, सोन्याला पारा लगेच धरतो. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र ढकला, सुई नसलेल्या सिरिंजने उचला, पाणी घातलेल्या झाकणाच्या बाटलीत ठेवा. मोरीत ओतू नका, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्याकडे सोपवा.

पाऱ्याच्या जागी काय आलं, तर २०२० च्या कोरोनाच्या साथीनंतर कपाळावर रोखायचं पिस्तूल आलं. गर्दीत दुरून चाळणी लावायला ते ठीक होतं. साथ ओसरली, पण बालरुग्णालयांच्या दारातून पिस्तूल काही हललं नाही, आणि आता तोच आकडा केसपेपरवर बाळाचं तापमान म्हणून लिहिला जातो.

गेल्या हिवाळ्यात माझी दीड महिन्याची नात दूध सोडायला लागली. पोट आणि मान हाताला चटका लागावा इतकी गरम. सुनेबरोबर मी तिला एका खाजगी रुग्णालयात घेऊन गेले. थंडीतून रिक्षाने आलो होतो, आत एसी चालू. दारातल्या मुलीने कपाळावर पिस्तूल धरलं, ९७.४ आलं, कागदावर ९७.४ लिहिलं गेलं आणि आमचा नंबर रांगेत शेवटी लागला. मी म्हटलं, काखेत लावून बघा. ती म्हणाली, "आजी, मशीन नवीनच आहे, बरोबर दाखवतं." मी पिशवीतला डिजिटल थर्मामीटर काढला, बाळाची काख फडक्याने कोरडी केली, टोक खोल बसवून हात छातीशी धरला. १००.८ आला. सूनबाई तो आकडा घेऊन सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. त्यांनी मात्र एक क्षण घालवला नाही, बाळाला आत घेतलं, रक्त आणि लघवी तपासली. लघवीत संसर्ग निघाला. नात आता छान आहे, पालथी पडते.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ म्हणजे ३८ सेल्सिअस ताप असेल तर त्याला बसवून ठेवायचं नसतं, हा नियम त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना माहीत होता. पण त्यांच्यापर्यंत पोचणारा आकडा दारातच चुकत होता. पिस्तूल कपाळाच्या कातडीतून निघणारी उष्णता मोजतं. घाम, वारा, एसी, टोपरं, अंतर, आणि ते यंत्र शरीरासाठी लावलंय की एखाद्या वस्तूच्या पृष्ठभागासाठी, एवढ्या सगळ्यांवर तो आकडा हलतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत: चार आठवड्यांच्या आतल्या बाळाचं तापमान इलेक्ट्रॉनिक थर्मामीटरने काखेत घ्या. त्यापुढे पाच वर्षांपर्यंत काखेत किंवा कानात. कपाळाला चिकटवायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्यांवर विसंबू नका. या पट्ट्याही आपल्याकडे विकल्या जातात, हौसेने बारशाला भेट दिल्या जातात.

गुदद्वारातून ताप घेण्याची पद्धत आपल्याकडे बरीच कमी झाली, तरी संपलेली नाही. पूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा पहिला ताप असाच घ्यायचे, त्यातच शी ची जागा उघडी आहे की नाही तेही कळतं म्हणून. ते आता बाळाला नीट तपासून बघायचं असतं, काच आत घालून नव्हे. नवजात बाळाच्या आतड्याची भिंत इतकी नाजूक असते की तिला इजा होऊन भोक पडल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. अमेरिकेत तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी डॉक्टर अजून हीच पद्धत सर्वांत अचूक मानतात, ब्रिटनमध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत ती नेहमीसाठी वापरू नका असं सांगतात. तज्ज्ञांत मतभेद आहेत हे मी मान्य करते. पण आपल्या गर्दीच्या कक्षात, एका ट्रेवर, घाईत, ही जोखीम घ्यायचं काही कारण मला दिसत नाही. तीव्र गारठ्यातलं बाळ असेल आणि आतलं तापमान कळणं गरजेचं असेल, तर ते डॉक्टरांनी ठरवावं, स्वतः उभं राहून घ्यावं.

कागदांबद्दलही बोलायला हवं. कित्येक चार्टवर मला सलग ९८.४, ९८.४, ९८.४ दिसतं. जुन्या ब्रिटिश थर्मामीटरवर ९८.४ ला बाणाची खूण असे, तोच आकडा आपल्या हाताला बसला आहे. खरं शरीर असं वागत नाही. पहाटे तापमान सर्वांत कमी असतं, दुपारनंतर ते चढतं, चांगल्या माणसाचंसुद्धा. अमेरिकेत १९९२ मध्ये १४८ निरोगी प्रौढांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, त्यांची तोंडातल्या तापाची सरासरी ९८.२ होती, आणि सकाळ-संध्याकाळचा फरक स्पष्ट दिसत होता. ज्या चार्टवर सहा वेळा एकच आकडा आहे तो चार्ट मोजून भरलेला नाही, हे डॉक्टरांनीही ओळखावं आणि विचारावं. शिवाय रुग्णालय सेल्सिअसमध्ये लिहितं आणि आईच्या घरचा थर्मामीटर फॅरनहाइट दाखवतो. डिस्चार्ज कार्डावर "३८ च्या वर गेल्यास आणा" असं लिहिलेलं असतं. आई घरी १०१ बघते आणि तिला काय समजायचं तेच कळत नाही. दोन्ही आकडे लिहायला असा किती वेळ लागतो?

रात्री दोन वाजता झोपलेल्या मुलाला केवळ रकाना भरण्यासाठी उठवणं, हीसुद्धा जुनीच रीत. ज्या मुलाची प्रकृती नाजूक आहे त्याला रात्री बघायलाच हवं, उठवायलाही हवं. पण ताप दोन दिवसांपूर्वी उतरलेला आहे, मूल कसंबसं झोपलं आहे, त्याला दिवा लावून रडवायचं आणि मग त्याच्यासोबत शेजारच्या चार खाटांवरची मुलं उठवायची, याने कुणाचं भलं होतं?

आईच्या हाताबद्दल मला जास्त पोटतिडकीने लिहायचं आहे. "अंग गरम लागतंय" असं आईने सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मोजला होता का? नाही म्हटलं की तिचं बोलणं तिथेच संपतं. दवाखान्यात पोचेपर्यंत औषधाने ताप उतरलेला असतो, थर्मामीटर नॉर्मल दाखवतो, आणि आई उगाच घाबरली असं ठरतं. आईच्या हाताला अंग गरम लागलं तर दर वेळी ताप असतोच असं नाही. पण तिच्या हाताला अंग गरम लागत नसेल तर बहुधा ताप नसतो, एवढं तिचं हाताचं मोजमाप खरं असतं. ब्रिटनच्या त्याच सूचनांमध्ये पालकांनी सांगितलेला ताप खरा धरून गांभीर्याने घ्या, असं नमूद आहे. आपल्या आशाताईंनाही हाताने बघायला शिकवतात: उलट्या हाताने बाळाचं पोट आणि तळपाय चाचपा. दोन्ही उबदार, तर बाळ ठीक. पोट उबदार आणि पाय गार, तर बाळाला थंडी बाधते आहे. दोन्ही गार, तर धोका. थर्मामीटर हाताशी नसेल तेव्हा प्रत्येक आजीने हे करावं.

आकड्याची नुसती भीतीही आम्ही दवाखान्यातल्यांनीच पेरली आहे. १०३ आला की बर्फाचं पाणी, स्पिरिटने अंग पुसणं, सगळे कपडे काढून पंख्याखाली ठेवणं. मूल कुडकुडतं आणि आतून आणखी तापतं. स्पिरिट कातडीतून आणि श्वासातून मुलाच्या अंगात जातं. ताप उतरवला की झटका येणार नाही, हा समजही आता टिकलेला नाही, तापाच्या औषधाने असे झटके टळत नाहीत. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलात आकडा किती चढला यापेक्षा मूल खेळतंय का, पाणी पितंय का, लघवी होते आहे का, डोळे उघडून आईकडे बघतंय का, हे जास्त सांगून जातं. तान्ह्या बाळात मात्र आकड्याला मोठं महत्त्व आहे. म्हणून तर तो नीट घ्यायचा.

हे सगळं जमणार नाही असं कुणी म्हणेल तर त्यांनी गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना घरोघर जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्यात तापमान घेणं होतं, वजन होतं, बाळाला उबेत ठेवणं होतं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. थर्मामीटर हा त्या यशातला एक भाग, पण भाग होता. पुढे २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ बघू लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी यायचं असतं. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, घड्याळ आणि डिजिटल थर्मामीटर असतो. पाड्यावरची आशाताई चुलीच्या उजेडात बाळाची काख कोरडी करून, थर्मामीटर वाजेपर्यंत थांबून, आकडा जसाच्या तसा वहीत लिहिते. शहरातल्या वातानुकूलित रुग्णालयात तेवढं तरी व्हावं.

आरोग्य विभागाकडे आणि खाजगी रुग्णालयांच्या चालकांकडे माझं मागणं अवघड नाही. बालरुग्ण आणि प्रसूती कक्षातून पाऱ्याचे थर्मामीटर परत घ्यावेत आणि ते भंगारात जाणार नाहीत हे बघावं. प्रत्येक नवजात खाटेला स्वतःचा डिजिटल थर्मामीटर द्यावा, सेल वेळेवर बदलावेत. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरचा कातडीला चिकटवलेला प्रोब, म्हणजे तापमान टिपणारी वायर, दाखवतो तोच आकडा चार्टवर न उतरवता काखेतला वेगळा घ्यावा. टीपीआरच्या कागदावर आकड्याशेजारी 'काख', 'तोंड', 'कान' असं लिहायला जागा छापावी, आणि मिळवलेल्या डिग्रीचा हिशेब नर्सिंगच्या वर्गातून कायमचा काढून टाकावा. दारातल्या पिस्तुलाचा आकडा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या केसपेपरवर लिहू नये.

आणि सुटी देताना सिस्टरनी पाच मिनिटं काढून आईच्या हातून एकदा ताप घेऊन बघावा. आंघोळ घातल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांब, काख पुसून घे, टोक खोल बसव, बाळाचा हात त्याच्या अंगाशी धर, वाजेपर्यंत सोडू नको, आलेला आकडा आणि वेळ लिहून ठेव. ९७.७ च्या खाली असेल तर आधी छातीशी घे, दूध पाज, थोड्या वेळाने पुन्हा मोज, आणि तरी चढला नाही किंवा बाळ दूध ओढेना तर वाट बघू नको, घेऊन ये. माझ्या कक्षात हे शिकून गेलेल्या आया पुढच्या बाळंतपणाला आल्या तेव्हा पिशवीत स्वतःचा थर्मामीटर घेऊन आल्या होत्या.

पत्र लांबलं आहे, तरी शक्यतो न कापता छापावं ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सातारा